पेशीतल्या पाठराखिणी

नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण आता बहुतेक घरांतून दिसेनाशी झाली आहे. मावशी, आत्या, कधी शेजारची एखादी पोक्त बाई, तर कधी धाकटी बहीण. तिचे काम कुठेही लिहून ठेवलेले नसे. अनोळखी घरात मुलगी एकटी पडू नये, कुणी भलतेसलते बोललेच तर मध्ये आपले माणूस असावे, एवढ्यासाठी ती जात असे. आणि मुलगी चार दिवसांत रुळली की आपले बोचके उचलून परत येत असे. लग्न तिने जमवलेले नसे, आणि पुढचा संसारही तिचा नसे. त्यामुळे त्या घराच्या इतिहासात तिचे नावही राहत नसे.

हे सारे आठवायचे कारण जीवशास्त्रातले आहे. सजीवांच्या पेशीत प्रथिनांचा एक वर्ग असा आहे, की त्याचे वर्णन करताना शास्त्रज्ञांना नेमकी अशीच एक बाई आठवली. त्यांच्या भाषेत ती 'शॅपरोन' होती. तरुण, अविवाहित मुलगी चारचौघांत निघाली की तिच्या सोबत राहून नको त्या सलगीला आवर घालणारी वडीलधारी स्त्री, हा त्या शब्दाचा इंग्रजीतला रूढ अर्थ. त्यावरून 'मॉलिक्युलर शॅपरोन' ही संज्ञा आली. आम्ही तिला पाठराखीण म्हणणार आहोत; तो शब्द कुठवर पुरतो आणि कुठे तोकडा पडतो, हेही पाहू. आम्हांला अधिक रस मात्र एका वेगळ्या प्रश्नात आहे. या प्रथिनांच्या अस्तित्वाचे पुरावे १९६२ पासून एकेक करून जमत होते. ते सारे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत हे कळायला पंचवीस वर्षे का लागली?

याचे उत्तर एका अतिशय सुंदर, आणि बरोबरही असलेल्या प्रयोगापासून सुरू होते.

प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. कोणता मणी कुठे ओवायचा हे जनुकात लिहिलेले. पण नुसती माळ काहीच कामाची नसते. तिला एका ठरावीक घडीत दुमडावे लागते, तेव्हा कुठे ती विकर म्हणून, वाहक म्हणून, स्नायूचा धागा म्हणून काम करू लागते. ही घडी कोण घालते? अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ख्रिश्चन अन्फिन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रायबोन्यूक्लिएज या लहानशा विकरावर हा प्रश्न घातला. या विकरात १२४ अमायनो आम्ले असतात आणि त्यांपैकी आठ जागी गंधकाचे दुवे जुळण्याची सोय असते. आठांच्या चार जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात. त्यांतला एकच प्रकार खरा. अन्फिन्सेन यांनी युरियाच्या तीव्र द्रावणात विकराची घडी पार मोडली, दुवे तोडले, आणि मग युरिया व दुवे तोडणारे रसायन दोन्ही काढून घेतले. माळ आपोआप पुन्हा दुमडली, १०५ मधली नेमकी ती एक जुळणी झाली, आणि विकर पूर्ववत काम करू लागले. १९६१ च्या सुमारास यातून निघालेला निष्कर्ष असा : घडीची सारी माहिती माळेतच असते, बाहेरून कुणी सांगायची गरज नसते. या कामासाठी १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल अन्फिन्सेन यांना स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन यांच्यासह विभागून मिळाले.

हा निष्कर्ष खरा आहे, आजही खरा आहे. पण खऱ्या निष्कर्षाचीही एक सावली पडते. 'सारी माहिती माळेत असते' या वाक्याचे 'माळेला कुणाचीच मदत लागत नाही' असे रूपांतर कधी झाले ते कुणाच्या ध्यानात आले नाही. दोन्ही वाक्ये एक नव्हेत. मुलीच्या अंगी संसार करण्याची सारी पात्रता आहे, एवढ्यावरून तिला पहिल्या दिवशी सोबत नको असा अर्थ निघत नाही. गंमत अशी, की स्वतः अन्फिन्सेन या भेदाबाबत बेसावध नव्हते. परीक्षानळीत विकराची घडी पूर्ण व्हायला तासन्‌तास लागतात, पेशीत एवढा वेळ कुणाला आहे, असे त्यांना वाटले. १९६३ मध्ये गोल्डबर्गर आणि एप्स्टाइन यांच्यासह त्यांनी उंदराच्या यकृतातून एक विकर शोधून काढले. चुकीचे लागलेले गंधकाचे दुवे सोडवून पुन्हा लावायला ते मदत करत असे. म्हणजे मदतनिसाचा पहिला पुरावा स्वावलंबनाच्या प्रणेत्याच्याच प्रयोगशाळेतून आला. पाठ्यपुस्तकांनी मात्र पहिला प्रयोग डोक्यावर घेतला आणि दुसरा तळटीपेत ठेवला.

परीक्षानळी आणि पेशी यांतला फरक इथे सांगितला पाहिजे. अन्फिन्सेन यांच्या नळीत विरळ द्रावण होते. एक माळ दुसरीला क्वचितच भेटे. पेशी ही मात्र आषाढी एकादशीच्या पंढरपुरासारखी असते. इ. कोलाय या जिवाणूच्या आत दर मिलिलिटरला सुमारे ३०० ते ४०० मिलिग्रॅम इतके मोठे रेणू कोंबलेले असतात. प्रथिनाच्या माळेत काही मण्यांना पाण्याचे वावडे असते. घडी पूर्ण झाली की ते आतल्या बाजूला लपतात; पण घडी अर्धवट असताना ते उघडे असतात, आणि शेजारच्या अर्धवट माळेचे तसेच उघडे मणी दिसले की त्यांना चिकटतात. असे चिकटत गेले की गोळा होतो. अंडे उकडल्यावर आतले पांढरे घट्ट होते ते याच कारणाने. आणि ते थंड केल्यावर पुन्हा पातळ होत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. तिथल्या प्रथिनांतही घडीची माहिती शाबूत असते. ती वापरायला अवसर मात्र उरलेला नसतो.

आता पुरावे कसे विखुरलेले होते ते पाहू.

पहिला पुरावा नेपल्समधला. फेरुच्चो रितोसा हे तरुण संशोधक फळमाशीच्या अळीतील लाळग्रंथींची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. ही गुणसूत्रे आकाराने प्रचंड असतात, आणि जिथले जनुक कामाला लागलेले असते तिथे ती फुगलेली दिसतात. एके दिवशी प्रयोगशाळेतल्या कुणीतरी उबवण्याच्या पेटीचे तापमान वाढवून ठेवले, आणि रितोसा यांना नेहमीच्या जागी फुगवटे न दिसता भलत्याच जागी नवे फुगवटे दिसले. पेशी उष्णतेला काहीतरी ठरावीक उत्तर देत होती. १९६२ मध्ये हे निरीक्षण 'एक्स्पेरिएन्शिया' या नियतकालिकात छापून आले. त्याआधी एका मान्यवर नियतकालिकाने ते जीवशास्त्रीय महत्त्वाचे नाही म्हणून परत पाठवले होते, अशी आठवण रितोसा यांनी पुढे लिहून ठेवली. बारा वर्षांनी, १९७४ मध्ये, आल्फ्रेड तिसिएर, हर्शेल मिचेल आणि अर्सुला ट्रेसी यांनी कॅलिफोर्नियात दाखवले, की उष्णता दिल्यावर माशीच्या पेशी काही मोजकीच प्रथिने नव्याने आणि जोमाने बनवू लागतात. त्यांना 'उष्णताघात प्रथिने' हे नाव पडले. पुढे ती जिवाणूंत, यीस्टमध्ये, वनस्पतींत, माणसांत, पाहावे तिथे सापडली. ती करतात काय, हे मात्र कुणाला सांगता येईना.

दुसरा पुरावा विषाणूंच्या अभ्यासातला. लॅम्डा नावाचा विषाणू इ. कोलाय जिवाणूत शिरून आपली प्रजा वाढवतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी कोस्टा जॉर्जोपुलोस आणि इतर काही संशोधकांना असे जिवाणू सापडले, की ज्यांत विषाणू शिरतो, त्याची प्रथिनेही बनतात, पण त्यांचे डोके काही बांधले जात नाही. प्रथिनांचे नुसते गोळे होतात. बिघाड विषाणूत नव्हता, यजमानात होता. त्या यजमान जनुकाला 'ग्रो-ई' हे नाव मिळाले. १९७९ मध्ये त्याचे प्रथिन शुद्ध करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा सात-सात पाकळ्यांची दोन कडी एकावर एक रचलेली दिसली. इतकी देखणी वस्तू काहीतरी मोलाचे करत असणार हे उघड होते. परंतु ती विषाणूशास्त्राच्या कप्प्यात राहिली.

तिसरा पुरावा पानांमधला. हवेतला कार्बन वनस्पतीच्या देहात आणणारे रुबिस्को हे विकर आठ मोठ्या आणि आठ लहान भागांचे बनते. इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात जॉन एलिस आणि रॉजर बॅरक्लॉ यांनी १९८० मध्ये पाहिले, की वाटाण्याच्या हरितलवकात नव्याने बनलेला मोठा भाग थेट विकरात जात नाही. आधी तो एका दुसऱ्याच भल्यामोठ्या प्रथिनाला बिलगतो आणि मग तिथून सुटून विकरात सामील होतो. ते दुसरे प्रथिन तयार विकरात कुठेच नसते.

चौथा पुरावा बेडकाच्या अंड्यातला, आणि शब्द तिथूनच आला. केंद्रकात डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. डीएनएवर ऋण भार, हिस्टोनवर धन भार. दोघांना तसेच एकत्र केले तर ते एकमेकांवर तुटून पडतात आणि चोथा तळाशी बसतो. केंब्रिजमध्ये रॉन लास्की आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले, की अंड्यातले न्यूक्लिओप्लाझ्मिन हे प्रथिन मध्ये असेल तर असा गोंधळ होत नाही. ते हिस्टोनांना धरून ठेवते, त्यांचा उतावळेपणा कमी करते, आणि नीट गुंडाळी होऊ देते. स्वतः मात्र त्या गुंडाळीत राहत नाही. हे लिहिताना लास्की यांनी 'मॉलिक्युलर शॅपरोन' असा शब्द वापरला. तो त्या एका प्रथिनापुरताच होता.

फळमाशी, विषाणू, वाटाणा, बेडूक. चार प्रयोगशाळा, चार प्रकारची नियतकालिके, चार प्रकारची संमेलने. एका कप्प्यातल्या माणसाला दुसऱ्या कप्प्यात डोकावायचे कारण नव्हते, कारण 'घडी आपोआप पडते' हे सर्वांनीच धरून चाललेले होते. जो प्रश्न सुटलेला आहे असे सर्वांना वाटते, त्याची उत्तरे समोर येऊनही ओळखू येत नाहीत.

बांध फुटला तो १९८६ ते १९८९ या चार वर्षांत. १९८६ मध्ये केंब्रिजच्या ह्यू पेलम यांनी उष्णताघात प्रथिनांबद्दल एक तर्क मांडला : उष्णतेने इतर प्रथिनांच्या घड्या विस्कटतात, ही प्रथिने त्यांच्या उघड्या पडलेल्या, पाण्याचे वावडे असलेल्या भागांना धरतात आणि एटीपीची ऊर्जा खर्चून सोडतात, आणि त्यांचे काही भाऊबंद हेच काम उष्णतेवाचूनही रोज करत असतात. १९८७ मध्ये एलिस यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यात त्यांनी लास्की यांचा शब्द उचलला आणि न्यूक्लिओप्लाझ्मिन, रुबिस्कोला धरणारे प्रथिन, उष्णताघात प्रथिने ही सर्व एकाच वर्गातली आहेत असे सुचवले : इतर प्रथिनांची जुळणी नीट होऊ देणारी, पण जुळलेल्या वस्तूचा भाग नसणारी. या लेखात नवा प्रयोग नव्हता. एक शब्द होता आणि त्याची व्याख्या होती. पुढच्याच वर्षी रुबिस्कोचे ते प्रथिन आणि जिवाणूतले ग्रो-ई यांच्या माळा शेजारी ठेवल्या गेल्या, तेव्हा दोघींतले निम्म्याच्या आसपास मणी जागच्या जागी सारखेच निघाले. वाटाण्याच्या पानातली बाई आणि विषाणूच्या डोक्याला हातभार लावणारी बाई एकाच कुळातल्या होत्या. त्या कुळाला 'शॅपरोनिन' हे नाव मिळाले.

१९८९ मध्ये शेवटचे दोन पुरावे आले. येल विद्यापीठात आर्थर हॉरविच यांना यीस्टचा एक बिघडलेला प्रकार सापडला. त्याच्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत, बाहेरून प्रथिने पोचत होती, पण कामाला लागत नव्हती. म्युनिकच्या फ्रान्झ-उल्रिख हार्टल यांच्यासह केलेल्या अभ्यासातून दिसले, की बिघाड ग्रो-ईच्या यीस्टमधील भगिनीत, एचएसपी-६० मध्ये आहे. केवळ भाग एकत्र येण्यासाठी नव्हे, तर एकट्या माळेची घडी पडण्यासाठीही तिची गरज होती. त्याच वर्षी जॉर्ज लोरिमर यांच्या गटात पियर गोलुबिनॉफ यांनी अन्फिन्सेन यांचाच प्रयोग उलट्या अंगाने केला. रुबिस्कोची घडी मोडली; ज्या परिस्थितीत ती आपोआप परत पडत नाही अशा परिस्थितीत ते प्रथिन ठेवले; आणि मग शुद्ध केलेली ग्रो-ईएल, ग्रो-ईएस ही दोन प्रथिने आणि एटीपी घातले. विकर कामाला लागले. सोबतीचा पुरावा आता परीक्षानळीतच मिळाला होता. हॉरविच आणि हार्टल यांना २०११ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

ही पाठराखीण करते तरी काय? १९९४ आणि १९९७ मध्ये येल येथे हॉरविच आणि पॉल सिग्लर यांच्या गटांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तिची रचना उलगडली. ग्रो-ईएल म्हणजे सात-सात घटकांची दोन कडी, एकमेकांना पाठ लावून बसलेली. प्रत्येक कड्यात एक पोकळी. पोकळीच्या तोंडाशी पाण्याचे वावडे असलेले पट्टे असतात; अर्धवट घडीची माळ त्यांना चिकटते. मग एटीपीचे सात रेणू येतात आणि सात घटकांचे झाकण, ग्रो-ईएस, वरून बसते. झाकण बसताच भिंती वळतात, चिकट पट्टे तोंड फिरवतात, पोकळी सुमारे दुपटीने मोठी होते आणि तिचा आतला पृष्ठभाग पाण्याशी सख्य असलेला होतो. माळ भिंतीवरून सुटून त्या बंद खोलीत एकटी उरते. काही सेकंदांचा हा एकान्त असतो. मग दुसऱ्या कड्याकडून इशारा मिळतो, झाकण उघडते, आणि माळ बाहेर पडते. घडी झाली असेल तर कामाला, नसेल तर पुन्हा आत.

त्या खोलीत कोणताही साचा नसतो, हे इथे महत्त्वाचे. घडी कशी असावी हे ग्रो-ईएलला ठाऊक नसते. इ. कोलायमध्ये तिच्यावाचून अजिबात न चालणारी प्रथिने काही डझनच आहेत. पण त्यांचे आकार एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत, आणि त्या सर्वांना खोली एकच. तिथे जे मिळते ते फक्त गर्दीपासून थोडे दूर असणे. म्हणूनच एलिस यांनी या पोकळीला 'अन्फिन्सेनचा पिंजरा' असे नाव दिले, आणि त्या नावात एक वाद मिटवण्याचे औदार्य आहे. अन्फिन्सेन चुकले नव्हते. त्यांच्या नळीत जो एकान्त आयता होता, तो पेशीला ऊर्जा खर्चून निर्माण करावा लागतो. हा पिंजरा निव्वळ आडोसा देतो की माळेला हलवून चुकीच्या घडीतून सोडवतोही, यावर लोरिमर, दे. तिरुमलै, हार्टल, हॉरविच यांच्या गटांत बराच काळ वाद झडला आहे.

आता शब्दाकडे वळू. 'शॅपरोन' या रूपकात एका काळाची नीती आहे : मुलगी एकटी सोडली तर बिघडेल, म्हणून पहारा. जीवशास्त्राच्या लेखांतही 'अनुचित संबंध टाळणे' अशी भाषा सर्रास आली. आमच्या पाठराखिणीत पहारा कमी आणि सोबत जास्त आहे. शिवाय ती परत येते, संसारात उरत नाही, हा एलिस यांच्या व्याख्येतला कळीचा मुद्दा तिच्यात आपसूक येतो. पण तीही सगळीकडे पुरत नाही. यीस्टमधले एचएसपी-१०४ हे प्रथिन आधीच झालेल्या गोळ्यातून एकेक माळ ओढून काढते. हे काम सोबतीचे नसून सुटकेचे आहे. डोळ्याच्या भिंगातले अल्फा-क्रिस्टॅलिन तर परत येतच नाही. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिने जन्मभर तीच राहतात, नवी बनत नाहीत; त्यांना गोळा होऊ न देणे म्हणजेच दृष्टी टिकवणे. १९९२ मध्ये जोसेफ हॉरविट्झ यांनी अल्फा-क्रिस्टॅलिनचे हे पाठराखणीचे काम दाखवले, आणि हैदराबादच्या 'सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी' या संस्थेत मोहन राव आणि सहकाऱ्यांनी त्यावर मोलाचा अभ्यास केला. वयाबरोबर तिची ताकद सरते, भिंग गढूळ होते, आणि त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. ही पाठराखीण आयुष्यभर थांबलेली, म्हातारपणी थकलेली आहे.

आणि एक प्रसंग असाही, की पाठराखीण गेल्यावरच तिने काय काय पोटात घातले होते ते कळावे. १९९८ मध्ये सुझन लिंडक्विस्ट आणि सुझन रदरफोर्ड यांनी एचएसपी-९० या प्रथिनाचे काम कमी पडलेल्या फळमाश्या पाहिल्या. कुणाचे डोळे वेडेवाकडे, कुणाचे पंख, कुणाचे पाय. हे दोष त्या वेळी निर्माण झाले नव्हते. जनुकांतली ती वैगुण्ये आधीपासून होती, एचएसपी-९० ने झाकलेली होती.

२०२० नंतर 'अल्फाफोल्ड' या संगणकीय प्रणालीने माळेवरून घडीचे भाकीत करण्यात जे यश मिळवले, त्याबद्दल २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा निम्मा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला. माळेतच सारी माहिती असते, या अन्फिन्सेन यांच्या निष्कर्षाचा यापेक्षा मोठा गौरव दुसरा नाही. पण अल्फाफोल्ड सांगते ते पोचल्यानंतरचे चित्र. वाटेत गर्दी किती होती, कोण चिकटू पाहत होते, कुणी काही सेकंद आडोसा दिला, हे त्या चित्रात उमटत नाही. अल्झायमर आणि पार्किन्सन या व्याधींत मेंदूत साठणारे प्रथिनांचे गोळे मात्र त्या वाटेवरच्याच अपघातांतून आलेले आहेत. आणि वय वाढेल तसा हा सोबतीचा बंदोबस्त दुबळा होत जातो.

म्हणून आम्हांला वाटते, या इतिहासात १९८७ चा तो प्रयोगाविना लिहिलेला लेख विशेष मानावा. तयार वस्तूत जो सापडत नाही त्याचे श्रेय मोजायची विज्ञानाला सवय नव्हती. एका घरगुती शब्दाने ती लावली. मराठीत हा विषय लिहिताना 'शॅपरोन' तसाच ठेवला तर वाचकाला एक नाव मिळेल. 'पाठराखीण' म्हटले तर त्याला विचारावेसे वाटेल, की ही कुणाबरोबर गेली होती आणि परत कधी आली. याहून नेमका शब्द कुणाला सुचत असेल तर तो आम्हांला जरूर हवा आहे. तो सुचवताना तिच्या परत येण्याचा मात्र विसर पडू नये.